डिस्चार्जनंतरचा अकरावा दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला संगणकावर बोलायला सांगितलंय, पण मी मामांवर बोलणार आहे. शनिवारी पैठणहून मोसंबीची पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहणारे माझे मामा तुमच्यातल्या निम्म्यांना आठवत असतील. मोसंबी तुम्हीच संपवायचात. माझी फीसुद्धा तेच भरायचे, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

२०१८च्या पावसाळ्यात मामांना हृदयविकाराचा झटका आला. १०८ची गाडी आली, तीत डॉक्टर होते, आणि मामा वेळेत शहरात पोचले. अँजिओप्लास्टी लागणार होती. गावात कुणीतरी मामीला सांगितलेलं, "तुमचं कार्ड पांढरं, तुम्हाला योजना लागू नाही." हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने शांतपणे विचारलं, "सातबारा आहे का?" शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू होती, आणि आपला जिल्हा त्यात होता. भावाने सातबारा आणला, ऑनलाइन मंजुरी आली, स्टेंट बसला. एक रुपया लागला नाही. निघताना घरी जायचं एस.टी.चं भाडंसुद्धा मिळालं, सही घेऊन. मामांना ऑपरेशनपेक्षा त्या भाड्याचंच जास्त कौतुक!

दिवाळीला मी गेले. औषधांचा डबा उघडला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. "त्या संपल्या की गं," मामा म्हणाले, "आता बरं वाटतंय." स्टेंटनंतरच्या पहिल्या महिन्यांत या गोळ्या अचानक बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. माझे हात गार पडले. त्याच रात्री गोळ्या आणल्या, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. मामा वाचले ते केवळ नशिबाने.

आता माझी गोची ऐका. मी पुण्यात हॉस्पिटलांसाठीच सॉफ्टवेअर लिहिते. डिस्चार्जचा भाग माझ्याच टीमकडे आहे. म्हणून रागाच्या भरात मी योजनेची कागदपत्रं, रुग्णालयांवरच्या अटी, सगळं वाचून काढलं, जसं आम्ही कुणाच्या प्रोग्रॅममधला बग शोधतो तसं. आणि कागद वाईट नव्हता. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३च्या अखेरीस आपल्याकडे आली. रुग्णालयाने आरोग्यमित्राला जागा द्यायची, वैद्यकीय समन्वयक नेमायचा, गावोगाव शिबिरं घ्यायची, डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची जबाबदारी घ्यायची, हे सगळं त्यात होतं. उपचार ९७१, आणि त्यांच्या जोडीला पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस, हृदयरुग्णांसाठीसुद्धा. म्हणजे मामांच्या पुढच्या औषधांची सोय कागदावर होती. मामांना, मामीला, गावच्या आशाताईला ते सांगायचं कुणी?

भाड्याची पावती मात्र चुकली नाही, कारण ती बिलाच्या फाइलला लावावी लागते. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला "तुमचा माणूस परत येतोय, या गोळ्या वर्षभर चालू ठेवायच्या" असं कळवल्याची पावती कुणी मागत नाही. मग ते त्या हॉस्पिटलात राहून गेलं. ते चालवणाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. आमच्याकडेही ज्या कामाला टेस्ट नसते ते असंच राहतं.

क्षयरोगाचं बघा. २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही रुग्ण सरकारकडे कळवणं बंधनकारक झालं. पण नुसत्या हुकमावर भागलं नाही. पुढे रुग्ण नोंदवल्यावर डॉक्टरांना ५०० रुपये, आणि उपचाराचा शेवट काय झाला हे कळवल्यावर आणखी ५०० अशी सोय झाली. पैसे थोडेच आहेत, पण त्यातले निम्मे शेवटाला बांधलेले आहेत. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या सहाव्या महिन्याला काय बांधलंय?

या हॉलमध्ये आपल्या वर्गातले डॉक्टर आहेत, औषध दुकानवाले आहेत, एक जण तर आरोग्य खात्यात आहे. तुमच्याकडे हक्काने मागते. डिस्चार्ज कार्डाखाली दोन ओळी मराठीत लिहा: कोणती गोळी कधीपर्यंत, आणि संपली तर कुठे जायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आता तो रकाना सक्तीचा केलाय. तो भरल्याशिवाय कार्ड छापलंच जात नाही. डॉक्टरमंडळी वैतागतात, फोन येतात. काही जण त्यात नुसतं टिंब टाकून पुढे जातात, तेही दिसतं मला. टिंब चालणार नाही अशी सोय पुढच्या आवृत्तीत करतेय.

मामा आज माझ्याबरोबर आलेत. मागच्या रांगेत, पांढरी टोपी. मोसंबी जेवणाच्या टेबलावर ठेवलीय, पण ती दुपारच्या गोळ्या घेतल्याशिवाय वाटणार नाही असं त्यांनी मला बजावलंय.