चिकटवलेल्या थरांची अल्ट्रासॉनिक तपासणी : स्वागताध्यक्षीय भाषण

चिकटवलेल्या सांध्यातला दोष वरून दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधला इपॉक्सीचा पातळ थर सुटला, तरी पत्रा तसाच गुळगुळीत राहतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे साडेपाच मीटर छत २४ हजार फुटांवर उडून गेले. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांच्या सांध्यातली पकड सुटली होती. तिथे गंज शिरला, भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपासून भेगा पसरल्या. असे सांधे वेळीच ओळखण्यासाठी झटणाऱ्या सर्व तपासनीस, अभियंते व संशोधकांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना दोहोंच्या ध्वनिसंरोधात जितकी तफावत, तितका तो मागे फिरतो. हवेचा संरोध धातूपुढे नगण्य, म्हणून पोकळीवरून जवळजवळ सगळा ध्वनी परततो. खरी अडचण पुढे आहे. ॲल्युमिनियम आणि इपॉक्सी यांच्यातही तफावत मोठी असल्याने उत्तम सांध्यावरूनही लहरीचा सुमारे ७० टक्के आयाम परत येतो. एकाच प्रतिध्वनीवर निकाल देणे त्यामुळे धोक्याचे. पत्र्यात पुन्हा पुन्हा आपटणाऱ्या प्रतिध्वनींची मालिका पाहावी लागते : पकड शाबूत असेल तर पाच परावर्तनांत आयाम साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो, सुटलेल्या जागी तो बराच वेळ रेंगाळतो. हनीकोंब पॅनेलांसाठी ध्वनी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला पकडतात. तो पोहोचला नाही, तर मध्ये कुठेतरी थर सुटला आहे.

सर्वांत फसवा दोष वेगळाच आहे. पृष्ठभाग नीट साफ न करता चिकटवलेले थर एकमेकांना घट्ट टेकतात, पण धरत नाहीत. मध्ये हवा नसल्याने ध्वनी सहज पार होतो, स्क्रीनवर सांधा चांगला दिसतो आणि भार येताच सुटतो. थर एकमेकांना टेकलेले आहेत की नाहीत हे अल्ट्रासॉनिक सांगते. पकड किती बळकट आहे हे सांधा न तोडता खात्रीने मोजणारी पद्धत अजून हाती आलेली नाही. म्हणूनच पृष्ठभागाच्या तयारीच्या नोंदी आणि सोबत चिकटवून तोडून पाहिलेले नमुने यांना तपासणी-अहवालाइतकेच वजन दिले पाहिजे. परिषदेत यशस्वी चाचण्यांबरोबरच यंत्राने चांगले ठरवलेले आणि नंतर सुटलेले सांधेही प्रतिनिधींनी मोकळेपणाने मांडावेत, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.