आईबापांचा निर्णय आणि लस



वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे दाभोळ आपले मनापासून स्वागत करते. बहमनी काळात या बंदरात दूरदेशीची गलबते लागत. आज धोपाव्याहून फेरीबोटीने पाहुणे उतरले आहेत, आणि सोबत एक नाजूक प्रश्न आला आहे. लस गावात पोचूनही काही मुले तिच्यावाचून का राहतात?

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. त्याच मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली. लागण झालेल्यांत लस न मिळालेली मुले पुष्कळ होती.

अशा वेळी आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होणे हा अन्याय आहे. दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत घटसर्पासारख्या रोगांवरच्या पेंटा लसीची सुई जाते, रात्री अंग तापते, मांडी सुजते, बाळ पायाला हात लावू देत नाही. आजी म्हणते, “चांगलं खेळतं मूल आजारी पाडलंत!” पुढचा डोस तिथेच अडतो. घटसर्पाने गेलेले मूल आजच्या आईने पाहिलेले नसते. तापलेले बाळ मात्र तिने रात्रभर मांडीवर घेतलेले असते. न केल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा आपल्या हातून झालेली इजा माणसाला जड वाटते, असे वर्तनशास्त्र सांगते. म्हणूनच ताप येईल, एकदोन दिवसांत उतरेल, औषध किती द्यायचे, हे सुईच्या आधी सांगणाऱ्या सिस्टरचे मोल फार मोठे आहे.

सगळेच भीतीपोटी अडत नाही. उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ संस्थेसोबत केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचीच व्यवस्था असलेल्या गावांत ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होते. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरले, तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्या मिळाल्या, तिथे ३९ टक्के. डाळीने कुणाचे मत बदलले नसावे. ‘आज नको, पुढच्या वेळी बघू’ हे मात्र कमी झाले. तरीही निम्म्याहून जास्त मुलांचे लसीकरण अपुरेच राहिले, हेही विसरता येत नाही.

शिबिराच्या वेळेचाही प्रश्न आहेच. बंदरावर मासळी उतरायच्या वेळी ते ठेवले, तर मासळी विकणारी आई येणार कशी?

दारात उभे राहून आईबापांचा नकार पहिल्यांदा ऐकतात त्या आशाताई. म्हणून स्वागत समितीने आजचे पहिले सत्र त्यांना दिले आहे. तज्ज्ञांचे निबंध जेवणानंतर होतील.