प्रवेशाची मुलाखत आणि माजी विद्यार्थी

२०२३ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी ५६,९३७ अर्ज आले आणि निवड झाली ती १,९६६ विद्यार्थ्यांची. अशा विद्यापीठांकडे मुंबई-पुण्याची मुलेही अर्ज करतात. त्यांपैकी एखाद्याला कळविले जाते की, विद्यापीठाचे एक माजी विद्यार्थी त्याची भेट घेऊ इच्छितात. भेट पूर्वी कचेरीत वा उपाहारगृहात होई. आता ती बहुधा संगणकाच्या पडद्यावर होते. घरातील मंडळींची झोप मात्र तेव्हापासून उडते.

वस्तुतः ही भेट घेणारे गृहस्थ निवड करीत नाहीत. ते विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात. तासाभराच्या संभाषणातून मुलाची जिज्ञासा, आवडनिवड व प्रांजळपणा यांविषयी जे जाणवेल त्याचा अहवाल ते पाठवितात. निर्णय प्रवेश समितीचा असतो, आणि पाठ केलेली उत्तरे अनुभवी माणसाच्या चटकन ध्यानात येतात.

व्यक्तिमत्त्व पारखण्याच्या या प्रथेचा पूर्वेतिहास निर्मळ नाही. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे सुचविले. उघड मर्यादा प्राध्यापकांनी नाकारली. परंतु १९२६ पासून परीक्षेतील गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व देण्यात आले व ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. ज्याचे माप नाही अशा गुणाच्या आडून कोणालाही वगळता येते.

भारतातील न्यायालयांनाही हा धोका दिसला होता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण असत. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपे! अजय हासिया प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली असा निर्णय दिला की, मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीपणाचे आहे.

मग माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतीही अन्यायकारकच म्हणाव्यात काय? २०१८ साली बोस्टन येथे हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात निराळेच चित्र पुढे आले. आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’साठी प्रवेश कार्यालयाने दिलेल्या श्रेणी गोऱ्या अर्जदारांहून कमी होत्या. त्यांच्याशी समक्ष बोललेल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र दोघांना जवळपास सारख्याच श्रेणी दिल्या होत्या. हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे २०१९ च्या निकालात मान्य झाले नाही. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच अवैध ठरविली. तरीही श्रेणींतील ती तफावत विचार करावयास लावणारी आहे. कार्यालयातील अधिकाऱ्यांपुढे बहुधा केवळ कागद होते. माजी विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्ष मुलगा वा मुलगी बसली होती.

ब्राउन व कोलंबिया विद्यापीठांनी अशा मुलाखती आता बंद केल्या आहेत. ब्राउनमध्ये अर्जदार स्वतःची लहानशी चित्रफीत पाठवू शकतो. मुलाखतकार न मिळालेल्या गावातील मुलाची त्यामुळे सोय झाली, हे खरे. परंतु अडखळलेल्या मुलाला धीर देऊन प्रश्न पुन्हा विचारणारे तेथे कोणी नसते.