गोधडीचे चौकोन आणि लोकरीचे टाके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी मी विणकामाची पिशवी घेऊन आले होते. ती पाहून कोणीतरी म्हणाले, "अहो, दोन-तीनशे रुपयांना ब्लँकेट मिळते, तिबेटी लोकांच्या बाजारात हवा तसा स्वेटर मिळतो. मग एवढे डोळे कशाला फोडायचे?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्या बाजारातले बरेचसे स्वेटर लुधियानाच्या यंत्रांवर निघालेले असतात, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडची थंडी काही थोडीथोडकी नव्हे. २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता, आणि द्राक्षबागांतून लोकांनी रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या. अशा रात्री गोधडीची ऊब वेगळीच, हे मी वेगळे सांगायला नको.

आधी गोधडीचे बोलते. कोणी तिला वाकळ म्हणतात. संत गाडगेबाबा असली चिंध्यांची गोधडी अंगावर वागवीत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. कर्नाटकात सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, बंगालात 'कांथा'. अमेरिकेत अलाबामा प्रांतात जीज बेंड म्हणून एक लहानसे खेडे आहे. तिथल्या गरीब निग्रो बायकांनी कामावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. चिंध्यांची तिकिटे! आपल्या आजीला हे सांगितले असते तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतले असते.

आता हिशेब सांगते. सहावारी साडी म्हणजे २१६ इंच. तिचे तीन तुकडे केले की प्रत्येकी सहा फुटांचे तीन पदर मिळतात. दोन सुती साड्यांत सहा पदर झाले, आपल्या थंडीला पुष्कळ. वरून चौकोनांचे कापड घालायचे असेल तर बारा-बारा इंचांचे चौकोन घ्यावेत, लांबीला सहा नि रुंदीला चार, एकूण चोवीस. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो, म्हणून वरचे कापड दोन्ही कडांना दीड-दीड इंच आत दुमडता येते. कापताना मात्र चारी बाजूंना दोन-दोन सूत शिवणीला सोडावे, म्हणजे चौकोन साडेबारा इंचांचा कापावा. नुसता बारा कापला तर प्रत्येकाचा अर्धा इंच शिवणीत जातो, आणि गोधडी लांबीला तीन इंच तोकडी होऊन पायाचे अंगठे बाहेर राहतात. त्रिकोण जोडून चौकोन करायचा तर तिरकी कापलेली बाजू ओढू नये, ती ताणते आणि वाकडी होते. गडद रंगाशेजारी फिका ठेवावा, एवढे संभाळले की नक्षी आपोआप उठते. धावदोरा कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यात आणावा.

टेरिकॉट, नायलॉनच्या साड्या मात्र गोधडीत घालू नका. त्या निसरड्या, घाम न शोषणाऱ्या. खरी अडचण हीच आहे. सुती साड्या आता घरातून निघतच नाहीत. वापरून वापरून मऊ झालेले सूत दुकानात विकत मिळत नाही.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची सात सुती लुगडी मागे राहिली, त्यात एक इरकली. आम्ही दोघी जावा आणि एक नणंद. तिघींनाही ती इरकलीच हवी होती. दिवस झाल्यावर त्यावरून चांगली कुरबूर झाली, धाकटीने तर चार दिवस माझ्याशी अबोला धरला. शेवटी मीच सुचवले की कोणीच सबंध घेऊ नये. सातही लुगड्यांचे चौकोन कापले आणि तिन्ही गोधड्यांत प्रत्येक लुगड्याचा तुकडा येईल असे मांडले. इरकलीचे काठ तिघींच्या मध्यभागी. संक्रांतीला बसलो ते अक्षय्य तृतीयेला उठलो. धाकटी अजून म्हणते की माझ्या वाटणीचे रंग फिके आले. नणंदबाईंनी तर आपली गोधडी कपाटात गुंडाळून ठेवली आहे, अंगावर घेत नाहीत. मला ते पटत नाही. सासूबाईंनी स्वतः एकही लुगडे घडीत ठेवून जुने केले नाही. पण ज्याचे त्याचे मन.

लोकरीबद्दल थोडे. पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीलाही थंडीत स्वेटर-कानटोपी घालतात, तर माणसांचे काय! १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्या धामधुमीत संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्या पिढीतल्या बायकांना सुलट-उलट टाके डोळे मिटून येत.

शिकणाऱ्यांनी आधी चार इंचांचा नमुना विणून टाके मोजावेत. इंचाला सहा टाके आले, आणि मुलाची छाती सव्वीस असली, तर दोन इंच सैल धरून अठ्ठावीस. म्हणजे पाठ चौदा इंचांची, टाके चौऱ्याऐंशी. हात घट्ट असेल आणि इंचाला सात येत असतील, तर तेच चौऱ्याऐंशी टाके बारा इंचांत संपतात, आणि स्वेटर पोराच्या डोक्यातून उतरत नाही. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणावी, म्हणजे पुढच्या वर्षी चार बोटे वाढवता येते. जुना स्वेटर उसवलात तर लोकरीची लडी करून धुवावी, आणि खाली हलके वजन अडकवून वाळवावी, वळ्या जातात.

कोणी विकत मागितले तर? माझे मत स्पष्ट आहे. चार महिन्यांच्या टाक्यांना जो दोनशे रुपये म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला मंडळाच्या खोलीत सतरंजी घालून बसणार आहोत. पहिली दोन दुपटी आपल्या सदस्यांपैकी बाळंतीण होऊन आलेल्या लेकींसाठी करू. ज्यांच्याकडे जुन्या सुती साड्या असतील त्यांनी धुऊन आणाव्यात, आणि कात्री आपापली आणावी. मागच्या वेळी एकाच कात्रीवर बाराजणी होतो.