आमच्या पाड्याची ग्रामसभा

आम्ही जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या पाड्याला वेगळी ग्रामपंचायत नाही. चार-पाच पाडे मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत, तिचं ऑफिस मोठ्या गावात आणि मध्ये ओहोळ. ग्रामसभा तिथंच व्हायची. २६ जानेवारीला आमची निम्मी घरं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर. १ मेला भट्टी चालूच, आणि ज्या घरी त्या पहाटेपासून झऱ्यावर हंडे लावून बसलेल्या. १५ ऑगस्टला ओहोळ भरलेला. उरला २ ऑक्टोबर. वर्षाचा एक दिवस! विहिरीचा गाळ काढायचा विषय दरवर्षी मागं पडायचा. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण जे समोर बसतात त्यांचीच कामं आधी लिहिली जातात.

आपला भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला, तर पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर करा असं मागता येतं. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडं द्यायचा. मंजूर झाला की ग्रामसभा आपली, आपल्या पाड्यात. ग्रामपंचायत मात्र तीच राहते. आम्हीही आधी इथं घोळ केला होता.

मतदार यादी आणली तर सात सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत! त्यांत एक सून साठीची. ती म्हणाली, "चाळीस वर्षं इथं नांदते, नि मी अजून माहेरचीच का गं?" सगळ्यांचे नमुना ८ चे अर्ज भरले, त्यातच दोन महिने गेले.

आवणी उरकल्यावर बैठक बसली. गडी म्हणाले, "ठरावानं पाणी येतंय का?" नाही येत. पण गाळाचा विषय मांडायचा कुठं, ते सांगा, असं आम्ही विचारलं. मग त्यांनीही सह्या केल्या. यादीत १५२ नावं, सह्या-अंगठे ९६.

ठरावाची पोच गटाच्या पेटीत पासबुकांखाली ठेवलीय. चौकशीला साहेब येणार आहेत. दिवाळीनंतर आले तर त्यांना पाड्यावर म्हातारी माणसं नि पोरंच भेटतील. म्हणून आम्ही आणखी एक अर्ज दिलाय: दिवाळीआधी या.