साचा एक, घरं वेगळी

दिवाळी सरली की वडवणी भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मागं राहिलेली पोरं कुणाकडे, हे गुरुजींना कळावं म्हणून पुतण्यानं 'मीटिअर' या जावास्क्रिप्ट चौकटीत पान केलं. साचा एकच, प्रत्येक घराची चिठ्ठी त्याची प्रत. एक चिठ्ठी दाबली, तर सगळ्याच उघडल्या! उघड-मिटीची नोंद त्यानं सामाईक 'सेशन'मध्ये ठेवली होती. मग 'ऑनक्रिएटेड'मध्ये, म्हणजे प्रत जन्मतानाच, तिला स्वतःचा 'रिॲक्टिव्हव्हार' दिला. तो बदलला की तेवढीच चिठ्ठी आपोआप बदलते.

मी गझल लिहितो. म्हटलं, "बेटा, रदीफ सगळ्या शेरांचा एक, दुःख ज्याचं त्याचं. आधी विचारायचंस!"

"चाचा, तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

काल गुरुजींनी एक घर उघडलं. बाकीची मिटलेलीच राहिली.