माळढोकाचे मागचे बोट

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण करण्यापेक्षा शंभर माणसांचा स्वयंपाक करणे मला सोपे वाटते. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसती तुमच्या रांगोळीची गोष्ट सांगा." ती सांगायला म्हणून मी उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण रांगोळीची स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'आपला जिल्हा'. कुणी तुळजाभवानीचे देऊळ काढले, कुणी नळदुर्गचा पाणीमहाल, कुणी तेरचे गोरोबाकाका. मी म्हटले, आपण काही निराळे काढू, आणि माळढोक पक्षी काढायला बसले.

मला वाटले होते, सहज जमेल. माझे माहेर तुळजापूर तालुक्यात, सोलापूरच्या बाजूला. लहानपणी मी माळढोक पाहिलेला आहे, तोही एकदा नव्हे, तीनचारदा. वडिलांची न्याहारी घेऊन माळावरून जाताना तो गवतात उभा असे. उंची माझ्या छातीइतकी. मान पांढरी, ताठ, आणि चाल एखाद्या पाटलासारखी सावकाश. माणूस दिसले तरी तो घाईने पळत नसे. वडील म्हणायचे, "थांब, त्याला जाऊ दे." आम्ही बापलेक डोक्यावरच्या भाकरीसकट उभे राहायचो.

असा डोळ्यांनी पाहिलेला पक्षी. पण रांगोळीची चिमूट हातात घेतली आणि मी अडले. टोपी काळी की तपकिरी? छातीवर पट्टा होता ना? चोच केवढी? पाय कसे? काही केल्या आठवेना. शेवटी मोराचे पाय, बगळ्याची मान आणि कोंबड्याचे अंग अशी काहीतरी बेरीज करून मी चित्र पुरे केले.

आपल्या गल्लीतल्या आजी तुम्हां सर्वांना आठवत असतील. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकीत प्रत्येक कार्यक्रमाला येणाऱ्या. त्या माझ्या रांगोळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, सणासुदीचं गिधाड कशापायी काढलंस?" सगळ्या हसल्या. मी म्हटले, "आजी, हा माळढोक आहे." त्यावर त्या काठी बाजूला ठेवून खाली वाकल्या, निरखून पाहिले, आणि बोटाने माझ्या पक्ष्याच्या पायाचे मागचे बोट पुसून टाकले. म्हणाल्या, "ह्याला मागचं बोट नसतंय. ते झाडावर कुठं बसतंय, मागं बोट असायला?"

मला बक्षीस मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

घरी आल्यावर मी धाकट्या मुलीला म्हटले, "तुझ्या फोनवर माळढोकाचे चित्र काढून दे बाई." तिने फोटो दाखवलेच, पण त्यांच्यात एक जुने, हाताने रंगवलेले चित्रही निघाले. काळी टोपी, पांढरी मान, तपकिरी पाठ. मी आधी पाय पाहिले. बोटे मोजली. तीनच! मागचे बोट नाही. आजींचे म्हणणे खरे होते.

मग मुलीने त्या चित्राची हकीकत वाचून दाखवली, आणि मी चकित झाले. सुमारे १८३१ सालचे ते चित्र एका बाईने काढलेले आहे. तिचे नाव एलिझाबेथ गूल्ड, राहणारी लंडनची. जन्म १८०४ चा. लग्नाआधी ती मुलांना शिकवण्याची नोकरी करी. १८२९ साली जॉन गूल्ड यांच्याशी तिचे लग्न झाले. ते तिथल्या प्राणिशास्त्राच्या संस्थेत मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांत पेंढा भरण्याचे काम करीत. हिंदुस्थानातून पक्ष्यांच्या कातड्यांचा एक संग्रह तिकडे पोचला, आणि त्यावर चित्रांचे पुस्तक काढायचे गूल्डसाहेबांनी ठरविले. साहेबांचा हात चित्राला नेटका नव्हता. तेव्हा ते काम बायकोकडे आले.

त्या वेळी चित्रे छापण्याची तऱ्हा अशी होती. एका गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शाई लावली की ती तेलकट रेघांनाच धरते आणि ओल्या जागी लागत नाही. त्यावर कागद दाबला की चित्र उठते, आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची. एलिझाबेथने हे दगडावरचे काम लग्नानंतर शिकून घेतले, आणि बाळंतपणे चालू असताना त्या पुस्तकाची ऐंशी चित्रे काढली. पुस्तक हिमालयातल्या पक्ष्यांचे, पण आपला माळावरचा माळढोकही त्यात जाऊन बसला!

पुस्तकावर नाव जॉन गूल्ड यांचे आहे. चित्राच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत, 'ई. गूल्ड' एवढेच.

पुढे १८३८ साली ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात पक्ष्यांची चित्रे काढायला गेली, तेव्हा तीन लहान मुले तिला आईजवळ ठेवून जावे लागले. दोन वर्षांनी ती परत आली आणि १८४१ साली आठव्या बाळंतपणानंतर वारली. वय अवघे ३७. तेवढ्यात तिच्या हातून सहाशेहून अधिक चित्रे झाली होती. भगिनींनो, हे ऐकल्यावर मी भाजी चिरायची तशीच टाकून थोडा वेळ बसून राहिले.

माझ्या मनाला लागले ते हे. त्या बाईने आपला माळ कधी पाहिला नाही. जिवंत माळढोक पाहिला नाही. पेटीतून आलेले एक वाळलेले कातडे समोर ठेवून तिने त्याच्या पायाची बोटे बरोबर मोजली. आणि मी? मी तो हातभर अंतरावरून चालताना पाहिला, पण मोजले नाही.

मग मला छंदच लागला. रोज रात्री झाकपाक झाली की मुलगी आणि मी अशा जुन्या चित्रांच्या गोष्टी धुंडाळू लागलो. त्यातल्या दोनतीन सांगते.

अमेरिकेतले पक्षी ज्याने चितारले त्या ऑड्युबनचे नाव तिकडे मोठे आहे. बाप फ्रेंच दर्यावर्दी, जन्म १७८५ चा, वाढला फ्रान्सात आणि अठराव्या वर्षी अमेरिकेत गेला. त्याने तिथल्या पक्ष्यांची ४३५ चित्रे प्रसिद्ध केली, तीही पक्षी खराखुरा जेवढा असेल तेवढ्याच मापाची. त्यासाठी तो वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडे, आणि त्याची बायको ल्यूसी लोकांच्या मुलांना शिकवून घर चालवी. त्याने काढलेल्यांत एक रानपारवा आहे. त्याचे थवे उडू लागले की आभाळ काळवंडून जाई, इतके ते पारवे तिकडे होते. लोकांनी ते मारले, गाड्या भरभरून विकले, त्यांची राने तोडली. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी एका प्राणिसंग्रहालयात मेली. आज जगात तसला पारवा एकही नाही. राहिली आहेत ती चित्रे आणि पेंढा भरलेली कातडी.

दुसरा एक फ्रेंच आपल्या दख्खनमध्येच आला होता. व्हिक्टर झाकमाँ त्याचे नाव. पॅरिसच्या सरकारी बागेने त्याला झाडे, प्राणी, दगड गोळा करायला हिंदुस्थानात पाठविले. हिमालय, पंजाब, काश्मीर असे हिंडून तो १८३२ साली दक्षिणेत उतरला, पुण्यास आला, आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला मुंबईत यकृताच्या दुखण्याने वारला. वय ३१. त्याच्या प्रवासाचे पुस्तक त्याच्यामागे फ्रान्सात चित्रांसह छापले गेले. घरदार सोडून इतक्या लांब यायचे, ते एखाद्या झाडाचे पान नीट पाहायला! आपल्या बांधावरच्या झाडाची पाने आपण किती वेळा पाहिली?

पण मी ह्या मंडळींची आरती ओवाळणार नाही. खरे तेही सांगितले पाहिजे. त्या काळी पक्षी चितारायचा म्हणजे आधी गोळी घालायची. ऑड्युबनही तेच करी. आणि चित्राबित्राशी ज्यांना कर्तव्य नव्हते ते तर नुसत्या हौसेने मारीत. मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत नगर भागात ९६१ माळढोक मारले, असे नमूद आहे. एकट्या माणसाने! माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा मी मुलीला विचारले, "आपल्या माणसांपैकी कुणी जनावरांची चित्रे काढली नाहीत काय?" तर काढली आहेत. सवाई माधवरावांच्या काळी पुण्यास मॅलेट नावाचा इंग्रज वकील होता. त्याच्याकडे गंगाराम तांबट नावाचा एक मराठी चित्रकार काम करी. आडनाव पाहा, तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोके घालणाऱ्या कुळाचे. ह्या गंगारामाने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. मेलेला नव्हे, समोर उभा असलेला जिवंत गेंडा. वेरूळची लेणीही त्याने मापे घेऊन काढली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. म्हणजे हात आपल्यात होता, नजरही होती. कागद जपून ठेवण्याची सवय मात्र कमी पडली.

आता आपल्या माळढोकाचे काय झाले ते सांगते. आपल्या शेजारीच, उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजला, त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. काही वर्षे तो तिथे बऱ्यापैकी दिसे. अलीकडे एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. साऱ्या देशात उरलेले बहुतेक राजस्थानच्या वाळवंटात आहेत. २०१८ च्या सुमाराचा अंदाज दीडशेचा होता. तिथे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालू आहे. ह्या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारांवर आपटून तो मरतो. आणि मुख्य म्हणजे त्याला लागतो तो गवताचा मोकळा माळ, जो आपल्या लेखी पडीक जमीन.

इथे मला माझ्या घरचेही सांगितले पाहिजे. ज्या माळावर मी वडिलांबरोबर थांबत असे, तो आमचाच होता. पुढे बोअरला पाणी लागले, वडिलांनी तो नांगरला आणि ऊस केला. त्या उसाच्या पैशावर माझे लग्न झाले. अंगावरची पोत त्याच पैशाची आहे. वडिलांना मी दोष देत नाही. चार लेकींचा बाप दुसरे काय करील? पण मॅन्सफील्डसाहेबाला नावे ठेवताना माझा आवाज थोडा खाली येतो, एवढे खरे. माळढोक तिथून कधी गेला, कुठल्या साली शेवटचा दिसला, हे आमच्या घरात एकालाही सांगता येत नाही. त्याला वाट देण्यासाठी उभे राहणारी माणसे आम्ही. पण तो गेला ते आमच्या लक्षातही आले नाही.

दिवाळीनंतर आपल्या त्या आजी गेल्या. त्यांना पाखरांची, गवतांची, रानभाज्यांची किती नावे ठाऊक होती! आपण त्यांना विचारले नाही. माझ्यापाशी त्यांचे एवढेच शिल्लक आहे, माळढोकाला मागचे बोट नसते. तेसुद्धा मी चुकले म्हणून मिळाले.

भगिनींनो, आपण बाया जन्मभर चित्रेच काढतो. दारची रांगोळी, चैत्रांगण, नागपंचमीचा नाग, गोधडीवरची नक्षी. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकतो, गोधडी विरून जाते, आणि त्यावर आपण कधी नाव घालीत नाही. देवाच्या दारची रांगोळी पुसली जावी हे बरोबरच आहे. पण थोडे तरी मागे राहावे असे मला वाटते.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने दोनशे पानांची एक वही घ्यावी. दर महिन्याच्या सभेला एकीने त्यात एक चित्र काढावे. आपल्या परसातले, बांधावरचे, माळावरचे काहीही. चिमणी, सरडा, तरवडाचे फूल, जे प्रत्यक्ष पाहिले असेल ते. आठवून नव्हे, समोर बसून, बोटे मोजून. खाली त्याचे आपल्या भागातले नाव, कुठे दिसले ते, तारीख आणि काढणारीचे पुरते नाव लिहावे. नुसते आद्याक्षर नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, दुसरीने लिहावे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन यावे आणि चुका काढायला सांगावे. त्या चुका काढतात तेव्हाच आपल्याला काही मिळते.

वहीचे पहिले पान मी रंगवून आणले आहे. हा पाहा, माळढोक. ह्या खेपेला पायांना तीन-तीनच बोटे आहेत. खाली माझे नाव आहे, आणि त्याखाली मी लिहिले आहे, 'मागचे बोट आजींनी पुसले.' त्यांचे पुरते नाव मला ठाऊक नव्हते. त्यांच्या सुनेला विचारून लिहिले.

 वही पुढच्या महिन्यात कुणाकडे द्यायची, तेवढे आजच ठरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.